नान्सेनचा दाखला



इतिहास हा विषय मी शाळेत तीसहून अधिक वर्षे शिकविला. त्या सबंध काळात एका प्रश्नाने माझी पाठ कधी सोडली नाही. तो प्रश्न म्हणजे, ‘राष्ट्रसंघाच्या अपयशाची कारणे लिहा.’ मुले ती कारणे श्लोकासारखी पाठ करीत. अमेरिका संघाची सभासद झाली नाही. संघाजवळ स्वतःचे सैन्य नव्हते. महत्त्वाच्या ठरावास एकमताची अट होती. जेत्या राष्ट्रांचे तेथे प्राबल्य होते. आणि १९३१ साली मांचुरियात व १९३५ साली अबिसीनियात आक्रमण झाले तेव्हा संघ हात चोळीत बसला. इतके लिहिले की गुण मिळत. मीही ते विनातक्रार देत असे.

एके वर्षी नववीतील एक मुलगी उठून म्हणाली, “सर, मग वीस वर्षे ती माणसे तिथे बसून करीत तरी काय होती?” वर्ग हसला. मीही हसलो आणि घंटेकडे पाहून वेळ मारून नेली. खरे सांगावयाचे तर मला उत्तर ठाऊक नव्हते. जे अपेशी ठरले त्याच्या दिनक्रमाची चौकशी करावी, असे मला तोपर्यंत कधी सुचलेच नव्हते. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली, वाचन वाढले आणि त्या मुलीचे उत्तर थोडेथोडे हाती येऊ लागले. ते उत्तर साधे नाही. त्यात संघाची निर्भर्त्सना करावी असेही पुष्कळ आहे, आणि तो नसता तर जे घडलेच नसते असेही काही आहे. आज त्यातील एकच प्रकरण मी आपणांपुढे ठेवणार आहे. ते देशोधडीस लागलेल्या माणसांचे आहे, आणि त्याचा मुख्य काळ १९२० ते १९३० ह्या दहा वर्षांचा आहे.

ह्या प्रकरणाचे नायक फ्रित्योफ नान्सेन. जन्म १८६१, देश नॉर्वे. शिक्षणाने ते प्राणिशास्त्रज्ञ. पण जगाला त्यांची ओळख झाली ती बर्फातील प्रवासी म्हणून. १८८८ साली त्यांनी ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडले. १८९३ साली ‘फ्राम’ नावाचे जहाज उत्तर ध्रुवाकडील गोठत्या समुद्रात त्यांनी मुद्दाम अडकवून घेतले व बर्फाबरोबर वाहत जाऊ दिले. पुढे जोहान्सेन नामक एका सोबत्यासह जहाज सोडून ते पायी निघाले आणि १८९५ च्या एप्रिलमध्ये ८६ अंश १४ कला एवढ्या उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले. तोवर कोणीही मनुष्य इतक्या उत्तरेस गेला नव्हता. परतताना त्या दोघांनी दगड आणि वॉलरसचे कातडे ह्यांच्या खोपटात अस्वलाचे मांस खाऊन एक सबंध हिवाळा काढला. हा तपशील मी उगाच सांगत नाही. थंडी आणि भूक म्हणजे काय, हे जिनीव्हाच्या सभागृहात बसलेल्या मंडळींपैकी बहुधा ह्या एकाच गृहस्थास स्वानुभवाने ठाऊक असावे.

पहिले महायुद्ध १९१८ साली थांबले, तरी लाखो युद्धकैदी घरी परतलेच नव्हते. जर्मन आणि ऑस्ट्रियन सैनिक सैबेरियात व तुर्कस्तानात अडकले होते, रशियन सैनिक जर्मनीत. रशियात क्रांती व तीपाठोपाठ यादवी युद्ध सुरू झाल्यामुळे त्यांच्याकडे पाहावयास कोणास फुरसत नव्हती. त्यांतील कित्येकांची अवस्था चमत्कारिक होती. १९१४ साली ज्या सम्राटासाठी ते लढावयास निघाले त्याचे साम्राज्यच १९१८ साली नकाशावरून पुसले गेले होते. त्यांचे गाव आता रुमानियात गेले होते की चेकोस्लोव्हाकियात, हेही त्यांना ठाऊक नव्हते. १९२० च्या एप्रिलमध्ये राष्ट्रसंघाने हे काम अठ्ठावन्न वर्षांच्या नान्सेन ह्यांच्याकडे सोपविले.

येथे संघाची पहिली अडचण दिसते. रशियाचे नवे सरकार राष्ट्रसंघास मानीत नव्हते; तो भांडवलदार राष्ट्रांचा कट आहे, अशी त्याची धारणा होती. मात्र नान्सेन ह्या व्यक्तीशी बोलणी करण्यास त्याची हरकत नव्हती. म्हणजे संघाच्या कामासाठी गेलेल्या मनुष्यास तेथे संघाचे नाव बाजूला ठेवून स्वतःच्या नावावर बोलावे लागले. नान्सेन ह्यांनी ते केले. त्यांनी निरनिराळ्या सरकारांकडून कर्जाऊ रकमा मिळविल्या, जहाजे मिळविली आणि बाल्टिक समुद्राच्या वाटेने, नार्वा ह्या बंदरातून, माणसांची ने-आण सुरू केली. जे जहाज जर्मनांना पश्चिमेस नेई तेच परतताना रशियनांना पूर्वेस आणी. १९२२ पर्यंत सुमारे ४ लाख २७ हजार कैदी आपापल्या घरी पोहोचले. ‘राष्ट्रसंघाच्या अपयशाची कारणे’ लिहिताना हा आकडा माझ्या एकाही विद्यार्थ्याने लिहिला नाही. तो मी त्यांना सांगितलाच नव्हता.

इथवर ठीक झाले. कैदी परत यावेत असे सर्वच सरकारांना वाटत होते. त्यात कोणाचे नुकसान नव्हते. संघाची खरी कसोटी लागली ती पुढच्या वर्षी, कारण त्या वर्षी ज्यांना साहाय्य हवे होते ते लोक शत्रू समजल्या जाणाऱ्या राज्याचे होते.

१९२१ च्या उन्हाळ्यात व्होल्गा नदीच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. समारा, सारातोव्ह, कझान, उफा हे प्रांत एरवी रशियाचे धान्याचे कोठार. सलग दोन वर्षे पाऊस रुसला हे खरे. पण केवळ आभाळाला दोष देऊन चालणार नाही. सात वर्षांच्या युद्धाने बैल-घोडे, माणसे आणि अवजारे खाऊन टाकली होती, आणि सरकारी तुकड्यांनी शहरांसाठी व सैन्यासाठी शेतकऱ्यांच्या घरांतील धान्य सक्तीने उचलले होते. पुष्कळ ठिकाणी बियाणेही राहिले नव्हते. लोक गवत, झाडाची साल व माती मिसळून भाकरी करू लागले. ह्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या साथींत सुमारे पन्नास लाख माणसे दगावली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. जुलैमध्ये माक्सिम गॉर्की ह्यांनी जगाकडे मदतीची याचना केली. ऑगस्टमध्ये जिनीव्हात रेडक्रॉस आदी संस्थांची परिषद भरली व तिने पुन्हा नान्सेन ह्यांनाच पुढे केले. ते मॉस्कोस गेले आणि २७ ऑगस्टला त्यांनी तेथील परराष्ट्रमंत्री चिचेरिन ह्यांच्याशी करार केला.

सप्टेंबरअखेर ते राष्ट्रसंघाच्या सभेपुढे उभे राहिले. त्यांची मागणी एवढीच होती की, सर्व सरकारांनी मिळून ५० लाख पौंडांची पत उभी करून द्यावी. ही रक्कम एका लढाऊ जहाजाच्या निम्म्या किमतीएवढी आहे, असे त्यांनी सभासदांस सांगितले. ते म्हणाले की, जगात धान्य नाही असे नाही. अमेरिकेत मका गिऱ्हाइकाअभावी पडून आहे, आणि तो वाहून नेण्यास जहाजे बंदरांत रिकामी उभी आहेत. रशियन सरकार बळकट होईल ही आपली भीती मी समजतो. परंतु त्या भीतीपायी लाखो माणसांना मरू द्यावयाचे काय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ते भाषण संघाच्या इतिहासातील अत्यंत प्रभावी भाषणांपैकी एक समजले जाते. सभासदांनी टाळ्या वाजविल्या. पैसा मात्र दिला नाही. कोणी म्हणाले आमची तिजोरी रिकामी आहे. कोणी म्हणाले चौकशी समिती नेमू या. बोल्शेव्हिकांना हातभार लावण्यापेक्षा रशियन लोक मेले तरी बेहत्तर, असे उद्गार एका प्रतिनिधीने काढल्याचे नान्सेन ह्यांच्या चरित्रांत नमूद आहे. अशी दिलदार माणसे प्रत्येक सभेत एखाद-दुसरे असतात. सुदैवाने ती बहुधा मोठ्याने बोलत नाहीत.

मग त्या उपाशी लोकांना कोणी जगविले? येथे संघाच्या अभिमान्यांस अडचणीत टाकणारी गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्यांना मुख्यतः जगविले ते अमेरिकेने, म्हणजे जे राष्ट्र संघाचे सभासदही नव्हते त्याने. हर्बर्ट हूवर ह्यांच्या अमेरिकन मदतसंस्थेने नान्सेन ह्यांच्या आधी एक आठवडा, रीगा येथे २० ऑगस्टला, रशियाशी वेगळा करार केला होता. डिसेंबरात अमेरिकन काँग्रेसने दोन कोटी डॉलर मंजूर केले आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये ही संस्था दररोज एक कोटीहून अधिक तोंडांत अन्न घालीत होती. नान्सेन ह्यांच्या छत्राखाली काम करणाऱ्या संस्थांनी, त्यांत एग्लन्टाइन जेब ह्यांनी १९१९ साली स्थापलेली ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्थाही होती, ह्याच्या एका लहानशा हिश्श्याइतके अन्न दिले. शिवाय हूवर ह्यांनी वाटपाची सूत्रे स्वतःच्या हाती ठेवली. नान्सेन ह्यांनी आपल्या करारात ती सोव्हिएत अधिकाऱ्यांबरोबर वाटून घेतली, आणि त्याबद्दल पश्चिमेकडील वृत्तपत्रांनी त्यांना भोळसट ठरविले. ह्या टीकेत काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. दुष्काळ पुरता सरला नसतानाच, १९२२ च्या शरद ऋतूत, त्याच सरकारने परदेशी धान्य विकावयास काढले. अमेरिकन संस्थेने १९२३ च्या उन्हाळ्यात आपला गाशा गुंडाळला.

ह्यावरून कोणी म्हणेल की सभा, ठराव आणि समित्या ह्यांपेक्षा एक श्रीमंत राष्ट्र बरे. अन्नापुरते बोलावयाचे तर मीही ‘होय’ म्हणेन. १९७२ च्या दुष्काळात आम्ही पोरांनी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या गोड लागत नसत, पण पोत्यावरचे नाव वाचून कोणी पान सोडून उठला नाही. भुकेल्याला दात्याचा हेतू विचारण्याची सवड नसते. तथापि माणसाला जगण्यास नुसती भाकरी पुरत नाही, हे व्होल्गाकाठाहून दूर, कॉन्स्टँटिनोपलच्या रस्त्यांवर त्याच सुमारास दिसून येत होते. तिकडे आता वळू या.

१९२० च्या नोव्हेंबरात जनरल रँगेल ह्यांचे पराभूत सैन्य आणि त्याच्याबरोबरची बायकामुले, मिळून सुमारे दीड लाख माणसे, क्रिमियातून जहाजे भरभरून कॉन्स्टँटिनोपलला उतरली. त्याआधी आणि नंतरही रशिया सोडून बाहेर पडलेल्यांची एकंदर संख्या दहा लाखांच्या वर होती. सेनाधिकारी, प्राध्यापक, गाडीवान, नर्तकी, शेतकरी, सर्वच त्यांत होते. १९२१ च्या डिसेंबरात सोव्हिएत सरकारने फर्मान काढून त्यांतील बहुतेकांचे नागरिकत्व काढून घेतले. जुने पासपोर्ट ज्या राज्याने दिले ते राज्य उरले नव्हते. नव्या राज्याने ह्यांना आपले म्हणण्याचे नाकारले.

ह्याचा व्यावहारिक अर्थ काय, हे मला एका शिक्षकाच्या अनुभवाने समजते. आमच्या शाळेत दरवर्षी एखाद-दुसरे मूल असे येई की ज्याच्याजवळ आधीच्या शाळेचा दाखला नसे. आईबाप ऊसतोडीला किंवा खडी फोडावयास गावोगाव फिरणारे. मूल हुशार आहे, समोर उभे आहे, त्याला वाचता येते हे मी स्वतः पाहतो आहे. पण कारकुनाच्या रजिस्टरात ते मूल नाहीच! पूर्वीच्या शाळेचे नाव नाही, जन्मतारीख नाही, सबब प्रवेश नाही. मनुष्य खरा आणि कागद खोटा, असे आपण म्हणतो. कचेरीत मात्र नेमके ह्याच्या उलट असते. त्या दहा लाख रशियनांची स्थिती ह्या मुलासारखी होती. राहण्यास परवाना नाही, कारण पासपोर्ट नाही. काम नाही, कारण परवाना नाही. काम आहे अशा दुसऱ्या देशात जावे तर सरहद्दीवरील शिपाई तोच कागद मागणार. लग्न करावयाचे तरी ओळखीचा कागद हवा.

रेडक्रॉसने १९२१ च्या फेब्रुवारीतच राष्ट्रसंघास लिहिले होते की, ह्या लोकांना पोसणे आम्हांस एक वेळ जमेल. परंतु त्यांची कायद्यातील स्थिती ठरविणे कोणत्याही धर्मादाय संस्थेच्या हातचे नाही. मला ह्या पत्राचा आशय फार महत्त्वाचा वाटतो. उदारपणाने भाकरी देता येते, शाल देता येते. पण एका देशाने दिलेला कागद दुसऱ्या देशाने मानावा, ही गोष्ट उदारपणाने होत नाही. ती सर्वांनी एकत्र बसून मान्य केल्यावाचून होतच नाही. आणि एकत्र बसण्यास जागा तेव्हा जगात एकच होती.

१९२१ च्या सप्टेंबरात नान्सेन रशियन निर्वासितांसाठी राष्ट्रसंघाचे उच्चायुक्त झाले आणि १९२२ च्या जुलैमध्ये जिनीव्हा येथे सरकारांच्या प्रतिनिधींनी एका ओळखपत्राचा नमुना संमत केला. तेच पुढे ‘नान्सेन पासपोर्ट’ ह्या नावाने प्रसिद्धीस आले. वास्तविक तो पासपोर्ट नव्हताच, दाखला होता. ज्या देशात निर्वासित असेल तेथील सरकारने तो द्यावयाचा. त्यावर नाव, जन्मस्थळ, धंदा, छायाचित्र. मुदत एक वर्षाची. त्यातील उणिवाही आपण पाहून घ्याव्यात. हा दाखला दाखविला म्हणून कोणत्याही देशावर त्या माणसास आत घेण्याचे बंधन नव्हते. इतकेच नव्हे, तर ज्या देशाने दाखला दिला त्या देशात परत येण्याचा हक्कही, तसे मुद्दाम लिहिले नसेल तर, त्यातून मिळत नसे. काम मिळण्याची हमी नव्हती. सरकारांनी केवळ इतके कबूल केले होते की, हा कागद पाहिल्यावर हा मनुष्य कोण आहे हे आम्ही मान्य करू.

किती थोडे दिले, असे कोणासही वाटेल. परंतु दाखल्यावाचून दारात उभ्या असलेल्या मुलास विचारा. १९२४ मध्ये तो आर्मेनियन निर्वासितांस मिळू लागला, १९२८ मध्ये असीरियन व आणखी काही लोकांस. आणि कालांतराने पन्नासहून अधिक सरकारांनी तो मानला. सुमारे साडेचार लाख दाखले दिले गेले असे सांगतात. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शागाल, नर्तकी आना पावलोव्हा, लेखक नाबोकोव्ह ह्यांनी तो खिशात बाळगला होता. नाबोकोव्ह ह्यांना तो मुळीच आवडत नसे. तो दाखविताच अधिकाऱ्यांची नजर बदलते, ही त्यांची तक्रार होती. ती खरीच असणार. १९२६ साली ह्या दाखल्यास पाच सुवर्ण फ्रँकचे तिकीट लावण्याची पद्धत सुरू झाली, म्हणजे ज्यांना ऐपत होती त्यांच्या पैशांतून गरीब निर्वासितांच्या पुनर्वसनास साहाय्य व्हावे. सरकारांनी गाठ सोडली नाही, तेव्हा निर्वासितांनीच निर्वासितांसाठी वर्गणी काढावी, अशी ही योजना. हिच्यात कल्पकता किती आणि लाज वाटण्याजोगे किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता ह्या कहाणीतील असा भाग येतो की, ज्याविषयी माझे मन अजून निश्चित होत नाही. १९२२ च्या सप्टेंबरात तुर्की सैन्याने स्मर्ना घेतले, शहर आगीत भस्म झाले आणि आशिया मायनरमधील ग्रीक ख्रिस्ती लोक ग्रीसच्या किनाऱ्यावर लोटले. थोड्याच काळात ही संख्या दहा लाखांच्या वर गेली. त्या वेळी ग्रीसची लोकसंख्या जेमतेम पन्नास लाख. नान्सेन ह्यांनी तेथे जाऊन पाहणी केली, आणि त्यांनी जो तोडगा पुढे मांडला तो असा की, तुर्कस्तानातील उरलेले ग्रीक ख्रिस्ती आणि ग्रीसमधील मुसलमान ह्यांची रीतसर अदलाबदल करावी. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे त्याप्रमाणे करार झाला. अदलाबदल सक्तीची होती. जो आधीच पळून आला त्यास परत जाण्याची मनाई, आणि जो आपल्या घरात सुखाने होता त्यासही निघण्याचा हुकूम. सुमारे साडेतीन ते चार लाख मुसलमानांस ग्रीस सोडावे लागले. कसोटी धर्माची लावली होती, भाषेची नव्हे. त्यामुळे ज्यांना तुर्कीवाचून दुसरी भाषा येत नव्हती असे अनातोलियातील ख्रिस्ती ‘ग्रीक’ ठरून ग्रीसमध्ये गेले, आणि ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरील मुसलमान ‘तुर्क’ ठरून तुर्कस्तानात गेले. दोघांनाही शेजाऱ्यांची भाषा कळेना.

ह्या वाटाघाटींत लॉर्ड कर्झन हे एक प्रमुख मुत्सद्दी होते. तेच कर्झन, ज्यांनी १९०५ साली बंगालची फाळणी केली. त्यांनीसुद्धा ह्या अदलाबदलीस अत्यंत वाईट उपाय म्हटले आणि जगाला ह्याची किंमत शंभर वर्षे मोजावी लागेल असे बजावले. फाळणीच्या विषयात कर्झनसाहेबांस संकोच वाटावा, ह्यावरूनच त्या उपायाचे स्वरूप ध्यानात यावे. सहीमध्ये मात्र त्यामुळे खंड पडला नाही.

आणि तरीही पुढे जे झाले तेही सांगितले पाहिजे. राष्ट्रसंघाने ग्रीसमध्ये निर्वासितांच्या वसाहतीसाठी स्वतंत्र मंडळ नेमले. त्यात दोन सभासद ग्रीक सरकारचे, एक संघाचा आणि अध्यक्ष अमेरिकन. ग्रीसला एकट्याच्या पतीवर कोणी कर्ज दिले नसते. संघाच्या देखरेखीमुळे १९२४ साली मोठे आंतरराष्ट्रीय कर्ज उभे राहिले. मॅसिडोनियातील दलदली उपसल्या गेल्या, गावे वसली, तंबाखूची लागवड वाढली आणि १९३० पर्यंत खेड्यांतच साडेपाच लाखांहून अधिक माणसे स्थिरावली. येथे पैसा मिळाला, कारण ते कर्ज होते आणि त्याला तारण होते. उपकार म्हणून पैसा मागणारा नान्सेन हात हलवीत परतला. कर्ज म्हणून मागणाऱ्यास सावकार भेटले. पुनर्वसनाचे असे सुव्यवस्थित काम जगाने तोपर्यंत क्वचितच पाहिले असेल. परंतु ह्या यशाचाच एक वाईट परिणाम झाला. लाखो लोकांना मुळासकट उपटून दुसरीकडे लावता येते आणि ते तगतात, असे मुत्सद्द्यांना वाटू लागले. पुढील पंचवीस वर्षांत युरोपात ज्यांनी ज्यांनी असे बेत आखले, त्यांना लोझानचा दाखला हाताशी होता. हा दुसऱ्या प्रकारचा दाखला. दोन्हींवर नान्सेन ह्यांचे नाव आहे.

आर्मेनियन लोकांची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगण्याजोगी फारशी नाही. ती केवळ खेदकारक आहे. १९१५ च्या कत्तलीतून वाचलेल्या आर्मेनियनांस एरिव्हानजवळच्या ओसाड जमिनीत पाटाचे पाणी आणून वसवावे, अशी योजना नान्सेन ह्यांनी १९२५ साली तेथे स्वतः जाऊन तयार केली. तिला लागणारी रक्कम दहा लाख पौंडांहूनही कमी होती. युद्धकाळात ह्या लोकांस मोठमोठी वचने देणारी राष्ट्रे एकामागून एक सबबी सांगत गेली. चार वर्षे ते दर अधिवेशनात उठून तीच मागणी करीत राहिले, आणि १९२९ साली तो विषय कामकाजातून निघाला. १३ मे १९३० रोजी नान्सेन ह्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे संघाची ती अंगभूत उणीव अधिकच उघडी पडली. दाखला मिळण्यासाठी मनुष्य नुसता निर्वासित असून चालत नसे. ज्या समाजांची नावे संघाने यादीत घेतली त्यांपैकी तो असावा लागे. आणि यादीत नाव येणे हे दुःखाच्या प्रमाणावर अवलंबून नव्हते. छळ करणाऱ्या सरकारचे जिनीव्हात वजन किती ह्यावर अवलंबून होते. इटली संघाच्या मंडळात होती, सबब मुसोलिनीपासून पळालेले इटालियन यादीत कधीच आले नाहीत. १९३३ साली जर्मनीतून ज्यू बाहेर पडू लागले तेव्हा त्यांच्यासाठी जेम्स मॅक्डॉनल्ड ह्यांना उच्चायुक्त नेमले खरे. पण जर्मनीला राग येऊ नये म्हणून त्यांची कचेरी संघाच्या रचनेबाहेर ठेवली. दोन वर्षांनी, १९३५ च्या डिसेंबरात, त्यांनी राजीनामा दिला आणि त्याबरोबरच्या प्रदीर्घ पत्रात स्पष्ट लिहिले की, निर्वासितांना सांभाळून भागणार नाही. जेथे निर्वासित तयार होतात तेथे बोट ठेवले पाहिजे. १९३८ च्या जुलैमध्ये फ्रान्समधील एव्हियाँ गावी बत्तीस राष्ट्रांची परिषद झाली. प्रत्येकाने सहानुभूती दर्शविली आणि आमच्याकडे जागा नाही असे सांगितले. लक्षणीय संख्येने माणसे घेण्याची तयारी एकट्या डॉमिनिकन प्रजासत्ताकाने दाखविली. पुढे काय झाले ते आपण जाणताच.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघाने निर्वासितांसाठी उच्चायुक्तांची कचेरी उघडली. १ जानेवारी १९५१ रोजी तिने काम सुरू केले तेव्हा तिची मुदत अवघी तीन वर्षांची होती, आणि नोकरवर्ग तीन-चार डझन. त्याच वर्षी २८ जुलैला झालेल्या करारात पहिल्यांदा यादी मोडली गेली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत ह्यांपायी छळ होण्याची ज्यास सकारण भीती आहे असा कोणीही निर्वासित समजावा, असे त्यात ठरले. तथापि त्यातही १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांचे कुंपण होते. ते १९६७ साली काढले. आपल्या देशाने ह्या करारावर आजतागायत सही केलेली नाही. ही कचेरी आजही मुख्यतः राष्ट्रांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालते, म्हणजे नान्सेन जी झोळी घेऊन उभे होते ती उत्तराधिकाऱ्यांच्या खांद्यावरून उतरलेली नाही. आणि १९९४ साली रुआंडात कत्तल सुरू झाली तेव्हा सुरक्षा समितीने तेथील सुमारे अडीच हजार शांतिसैनिक वाढविण्याऐवजी २७० पर्यंत कमी करण्याचा ठराव केला. ‘अपयशाची कारणे’ हा प्रश्न परीक्षकांना पुढेही पुरेल.

आता शेवटी आपल्या घराजवळची एक जागा. कोल्हापूरनजीक वळिवडे गाव आहे. १९४० पासून रशियाने पूर्व पोलंडमधून जे लोक सैबेरियात व मध्य आशियात नेले होते, त्यांतील सुमारे पाच हजार माणसे इराणच्या वाटेने हिंदुस्थानात आली व १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते. कोल्हापूरच्या बाजारात ही मंडळी भाजी घेत हिंडत. लंडनमध्ये असलेले त्यांचे पोलिश सरकार हा खर्च सोशीत असे. १९४५ च्या जुलैमध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि एका दिवसात ह्या लोकांचे सरकार नाहीसे झाले. कॉन्स्टँटिनोपलच्या रशियनांची जी गत, तीच ह्यांची. पण ह्या वेळी दरम्यान पंचवीस वर्षे गेली होती. त्यांना हाती घेण्यास प्रथम संयुक्त राष्ट्रांची मदत व पुनर्वसन संस्था आणि मग आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना होती. ज्यांना पोलंडला परतावयाचे नव्हते त्यांच्यासाठी कागद करण्यात आले, आणि १९४८ पर्यंत ती माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा निरनिराळ्या देशांत रवाना झाली. कोल्हापूर शहरात त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला एक स्तंभ आहे.

छावणी रिकामी झाली. बराकी उभ्याच होत्या. त्याच सुमारास सिंधमधून घरदार टाकून आलेली कुटुंबे तेथे उतरली. त्यांच्यासाठी जिनीव्हाहून कोणी आले नाही. त्यांचे जे काही केले ते आपल्या सरकारने आणि त्यांनी स्वतः केले. त्या वस्तीचे नाव आता गांधीनगर आहे, आणि कापडाच्या घाऊक खरेदीसाठी दूरदूरचे व्यापारी तेथे येतात.